ताईकडे ठेवलेला भाग

काकांना बोलवायची कल्पना दादाची होती. त्या रविवारी जे झालं त्याची सुरुवात तिथे झाली.

आबांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि छापखाना ‘हद्दीचे दगड’ ही त्यांची कविता पुरी छापायला तयार होता. पुरी म्हणजे पाचही भाग. बाहेरच्या जगाला फक्त पाचवा माहीत होता. तो आबा सभांमध्ये म्हणत, आणि राज्यकर्ते बदलल्यावर तो शाळेच्या पुस्तकातही गेला. पहिले चार कागदावर कधी आलेच नव्हते. आबा तुरुंगातून सुटून आले त्या वर्षी दर पंधरवड्याला घराची झडती होई आणि लिहिलेलं जे सापडेल ते पोलीस घेऊन जात. म्हणून आबांनी कविता माणसांत ठेवली. पहिला भाग दादाकडे, दुसरा आईकडे, तिसरा ताईकडे, चौथा छोटूकडे. नियम दोनच होते. आपला भाग दुसऱ्याला सांगायचा नाही, म्हणजे एक पकडला गेला तर एकच भाग जाईल. आणि सगळे भाग एकत्र करायचे ते आबांच्या माघारी.

एक्केचाळीस वर्षं हे नियम पाळले गेले. कुणाकडे काय आहे हे त्यामुळे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळेच घरातला सगळ्यात मोठा माणूस म्हणून दादाने आबांच्या धाकट्या भावाला अगत्याने बोलावलं.

काका चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. छापखान्याचा लोखंडी जिना ते दोनदा थांबून चढले आणि वर येताच म्हणाले, “कवितेसाठी एवढं चढायला लागतं हे आधी माहीत असतं तर हिशेबनीसच हो म्हटलं असतं त्याला.”

मुद्रितं तपासायची ती खोली लांबट होती. एका बाजूला काचेची खिडकी, खाली मशिनघर. रविवार असल्यामुळे मशिनं बंद होती आणि त्यांच्यावर मेणकापड टाकलेलं होतं. टेबलावर शाईचे डाग, कडेला कागदाचे गठ्ठे. मुद्रक स्वतः लिहून घेणार होते. साठीतला शांत माणूस, बोलण्यापेक्षा पेन्सिलीला टोक करण्यात त्यांचा वेळ जास्त जाई.

“काका, तुम्ही मधे बसा,” दादा म्हणाला.

“मी कडेलाच बरा. मला कुठे काय म्हणायचंय? चौदा गावांचा कारभार दिला तुझ्या बापाने मला, कवितेची एक ओळ दिली नाही.”

“तुमचं पाठांतर कच्चं असेल,” छोटू म्हणाला.

“तुझं पक्कं होतं वाटतं? सहा वर्षांचा होतास. पाढे येत नव्हते.”

छोटू आता सत्तेचाळीस वर्षांचा दंतवैद्य होता आणि त्याला अजून सगळे छोटूच म्हणत. दात कोरताना तो आपला भाग मनात म्हणत असे. “पेशंटचं तोंड उघडं असतं, पण मध्ये बोलता येत नाही. असे श्रोते आबांनाही मिळाले नाहीत,” तो म्हणाला. दादाची बायको, वहिनी, हसली. ताई हसली नाही, हे वहिनीच्या लक्षात आलं.

पहिला भाग दादाने उभं राहून, हात मागे बांधून म्हटला. तो भूमापन खात्यात होता आणि त्याचं कार्यालय त्यांच्याच जुन्या घरात भरत असे. चाळीस खोल्यांचं ते घर सरकारजमा झाल्याला आता तीस वर्षं होत आली होती. आजोबांचा दिवाणखाना होता तिथे नकाशांची कपाटं होती, आणि ज्या खिडकीत बसून आबांनी पहिल्या कविता लिहिल्या त्या खिडकीत दादाचं टेबल होतं.

“दगड उपटला पहिला तेव्हा खाली ओली माती,
शंभर वर्षे दडपत होती आजोबांची छाती.”

म्हणता म्हणता दादाला ती सकाळ दिसली. आबा पॉलिश केलेले बूट घालून शेताच्या बांधावर उभे, हातात पहार. कूळ म्हणून राबणारी माणसं लांब उभी, कुणी पुढे यायला धजत नाही. घराण्याच्या हद्दीचा दगड घराण्याचा मालकच उपटतोय हे त्यांना खरं वाटत नव्हतं. पहार धरायची कशी हेही आबांना माहीत नव्हतं. शेवटी एक म्हातारा वैतागून पुढे आला आणि म्हणाला, “सरकार, अशाने दुपार होईल. द्या इकडे.” दुसऱ्या दिवशी एका दैनिकाने त्यांना ‘मखमली बंडखोर’ म्हटलं. आबांना ते नाव आवडलं. वंशपरंपरेने मिळालेल्या विधिमंडळातल्या जागेवर ते मुद्दाम मखमली कोट घालून गेले आणि अंदाजपत्रकावर भाषणाऐवजी कविता वाचली. अध्यक्षांनी ती कामकाजातून काढून टाकली. चार महिन्यांनी आबांना अटक झाली, पाच वर्षांची सजा झाली.

आई नऊ वर्षांपूर्वी गेली. जायच्या आधी सहा महिने, आबांना विचारून, तिने आपला भाग वहिनीला दिला होता, दुपारी भाजी निवडताना, रोज दोन ओळी. त्यामुळे वहिनीच्या म्हणण्यात आईचा ठेका होता, आणि कडव्याच्या शेवटी आई घ्यायची तो बारीक उसासाही. छोटूने मान खाली घातली. दुसरा भाग अटकेच्या पहाटेपाशी संपला. आबा पोलिसांना म्हणतात, थांबा, मुलं उठतील, बूट हातात घेतो.

मुद्रकांनी पान उलटलं. “तिसरा?”

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. तिच्यापुढचा चहा तसाच होता. ती अठ्ठावीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका होती. साक्षीदार बोलेल तो शब्द, बोलेल तसा, कागदावर.

“मला आठवत नाही,” ताई म्हणाली.

छोटू मोठ्याने हसला. “हिला माझे दुसरीच्या परीक्षेतले मार्क आठवतात!”

“छोटू, गप,” दादा म्हणाला.

“एकोणतीस. गणितात. बघ, विचार तिला.”

“आठवत नाही म्हटलं ना,” ताई म्हणाली. “चार भाग छापा. खाली टीप टाका, तिसरा उपलब्ध नाही.”

दादाने खुर्ची मागे सारली. “उपलब्ध नाही म्हणजे काय? तो काय कोठारातला माल आहे? अगं, दुसरा भाग अटकेपाशी संपतो. चौथ्यात आबा घरी येत असणार. हो ना रे छोटू?”

“फाटकापासून सुरू होतो माझा.”

“मग मधे काय आहे ते शाळकरी पोरही सांगेल. तुरुंग. आणि तुरुंगात आबांनी तो माफीचा अर्ज का लिहिला, तेही त्यातच असणार.” त्याचा आवाज चढला. “नोकरीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाच्या काचेखाली कुणीतरी ते कात्रण सरकवून ठेवलं होतं. पहिलं पान. आबांच्या अक्षरातल्या अर्जाचा फोटो. ‘माझ्या लेखनाबद्दल मला खेद आहे.’ तीस वर्षं माफीवाल्याचा मुलगा म्हणून ऐकतोय मी. आबांना विचारलं की उठून फिरायला जायचे. मला कारण हवंय. काहीही असू दे. आजारी होते, आमची आठवण येत होती, काहीही. त्यांनी तुला ते सांगितलंय आणि तू दाबून ठेवतेस?”

ताई उठली आणि जिना उतरून खाली गेली.

वहिनी तिच्या मागे गेली. मशिनघराच्या कोपऱ्यात हात धुवायची मोरी होती, तिथे ताई नळ सोडून उभी होती. हात धूत नव्हती.

“ताई, आठवतंय तुम्हाला.”

“शब्दन् शब्द.”

“तुमच्या दादांचा स्वभाव माहीत आहे ना तुम्हाला. तडकतात आणि मग रात्रभर जागतात.”

“त्याचा राग नाही मला.” ताईने नळ बंद केला. “वहिनी, तो अर्ज आबांनी लिहिलाच नव्हता.”

वहिनीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने वर काचेच्या खिडकीकडे पाहिलं. काकांचा पांढरा माथा तिथून दिसत होता.

“दोघं एकाच मास्तरांकडे शिकले होते,” ताई म्हणाली. “अक्षर सारखं. लहानपणी एकमेकांचा गृहपाठ करायचे. बारा वर्षांची होते मी. आबा व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे, मी बाजूने चालायचे, आणि ओळ पाठ झाल्याशिवाय वळायचं नाही. त्या दिवशी जे पाठ केलं ते मला कळत होतं. कळणारी पोरगी म्हणूनच मला दिलं बहुतेक. आणि आबा आत होते ते चौदा महिने माझ्या वेण्या कोण घालत होतं? काका. वाकड्या घालायचे, पण घालायचे. सायकल त्यांनी शिकवली. शाळेत सही त्यांची.”

“मग आबा बोलले का नाहीत बाहेर?”

“खोटा दस्तऐवज. सात वर्षं तरी झाली असती काकांना. मी तसे निकाल टाइप केलेत.”

वहिनीने पदराने ताईचे कोरडेच हात पुसल्यासारखं केलं. “म्हणू नका तुम्ही. यांचं मी बघते.”

“दादा तीस वर्षं ते ऐकतोय, वहिनी.”

“मीही ऐकतेय. त्यांच्या तोंडून. आणखी ऐकेन.”

वर छोटू आपला चौथा भाग म्हणत होता. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं म्हणून त्याने स्वतःच सुरुवात केली होती. सहा वर्षांच्या छोटूला आबांच्या पावलांबरोबर धावावं लागे, त्यामुळे पाठ झाला तो भाग धावत पाठ झाला, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षीही तो धापा टाकतच येत होता. मुद्रक दोनदा म्हणाले, “जरा हळू, डॉक्टर.”

काका ऐकत नव्हते. दादा बोलला तेव्हाच त्यांना उमगलं होतं. पोरीने चहा घेतला नव्हता, आणि आल्यापासून त्यांच्याकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं.

म्हणजे भावाने लिहून ठेवलं. लिहून नाही, सांगून. त्यांना वाटलं होतं ती गोष्ट फक्त दोघांत आहे. चौदाव्या महिन्यात तुरुंगाच्या डॉक्टरची चिठ्ठी आली होती. उजवं फुप्फुस निकामी, थंडी निघणार नाही. त्याच दुपारी काकांनी आबांच्या टेबलावर बसून चार वाक्यं लिहिली. सराव करावा लागला नाही, हात आपोआप चालला. तिसऱ्या दिवशी ती चार वाक्यं पहिल्या पानावर आली, आठव्या दिवशी आबा फाटकात उभे होते, हाडं आणि कोट. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. उजव्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, “पाणी तापव.” त्यानंतर चाळीस वर्षं दोघं एका छपराखाली राहिले, त्यावर एक शब्द झाला नाही. काका रोज वाट पाहायचे. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

छोटूचा भाग संपला तेव्हा ताई आणि वहिनी दारात होत्या.

“अहो,” वहिनी दादाला म्हणाली, “नाही आठवत त्यांना. मी विचारलं. चार भागांचंच पुस्तक करू.”

“तूसुद्धा?”

“मीसुद्धा.”

“छोटू, तू सांग हिला.”

“मी ताईच्या बाजूने,” छोटू म्हणाला. “कारण माहीत नाही. पण ताई खोटं बोलतेय म्हणजे काहीतरी मोठं असणार.”

“दादा, बस खाली,” काका म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण जुन्या कारभाऱ्याचा होता. दादा बसला. “तो अर्ज मी लिहिला. तुझ्या बापाला पेपरात छापून आल्यावर कळला.”

मुद्रकांची पेन्सिल थांबली. दादा काकांकडे पाहत राहिला.

“काय म्हणालात?”

“ऐकलंस तू. मरत होता तो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन, याहून बऱ्या भाषेत लिहीन. तुझ्या काचेखालच्या कात्रणाचं मला माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर…” ते थांबले. “नाही, खोटं कशाला बोलू. तरी गप्पच बसलो असतो. भीती वाटायची.” मग ते ताईकडे वळले. “पोरी, तिसरा भाग माझा आहे ना?”

ताईने मान हलवली.

“चाळीस वर्षं तो माझ्याशी यावर बोलला नाही. तुझ्याशी बोलला. मग काय बोलला ते ऐकू दे मला.”

“काका, नको,” ताई म्हणाली.

“म्हण.”

तिसरा भाग मोठा होता. तुरुंगातली भिंत होती, खोकला होता, शेजारच्या कोठडीतला कैदी होता. ताई खिडकीकडे तोंड करून, न्यायालयात साक्ष वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात म्हणत गेली. शेवटच्या कडव्यापाशी ती थांबली, वळली, आणि उरलेलं काकांकडे पाहून म्हणाली.

“अक्षर माझे, हात न माझा, शाई त्याच्या बोटांची;
एका पाटीवरती शिकलो वळणे आम्ही ओळींची.
मी न वाकलो, तोच वाकला; पाठ परी ती एकच ना?
त्याने माझ्या नावावरती भीक घातली श्वासांना.
त्याने दिधले जगणे हे, मी उधळुन देइन रस्त्यावर;
म्हणोत सारे मलाच भित्रा, नाव न त्याचे ओठावर.”

खाली रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“भीक घातली,” ते म्हणाले. “चांगला शब्द काढला. लागणारा. लहानपणापासून असंच बोलायचा.”

दादा उठला आणि काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावे ते त्याला सुचत नव्हतं. एवढी वर्षं जे कारण हवं होतं ते मिळालं होतं आणि त्याचं तोंड कडू झालं होतं. “वगळू या, काका,” तो म्हणाला. “शेवटचं कडवं वगळू. आपल्याला कळलं, बास झालं.”

“आता का? मघाशी टेबल डोक्यावर घेतलं होतंस.”

“मघाशी मला माहीत नव्हतं.”

“नाव कुठे आहे त्यात? त्याने घेतलंच नाही,” छोटू म्हणाला.

“भाऊ एकच होता त्याला,” काका म्हणाले. “लोक काही खुळे नाहीत. उद्या वाचनालयातली मंडळी माझ्याशी बोलायची बंद होतील. होऊ देत. त्यांतल्या निम्म्यांना तसंही ऐकू येत नाही.” त्यांनी मुद्रकांकडे पाहिलं. “छापा. मी जिवंत आहे तोवर छापा, म्हणजे ज्याला विचारायचंय तो मला विचारेल. मी गेल्यावर छापलंत तर या दादाला पुन्हा उत्तरं देत बसावं लागेल.”

मुद्रकांनी ताईकडे पाहिलं. भाग तिचा होता. तिने एकेकाकडे पाहिलं. वहिनीने मान नाही अशी हलवली, दादानेही. मघाशी विरुद्ध बाजूंना असलेली ती दोघं आता एका बाजूला आली होती.

“लिहून घ्या,” ताई म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती प्रत्येक ओळीला थांबत होती. अर्धा तास लागला. मुद्रकांनी वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

दुपार कलली होती. जिना उतरताना काकांनी ताईचा हात धरला. दादा आणि छोटू पुढे गाडी आणायला गेले होते, वहिनी खाली पिशव्या घेऊन उभी होती. काका पायरीगणिक थांबत होते.

“हे शेवटचं कडवं तुला शिकवलं तो दिवस आठवतो?”

“आठवतो. संध्याकाळ होती. शेवटची ओळ माझ्याकडून येईना. आबांनी अकरा वेळा वळवलं मला.”

“मी कुठे होतो?”

“आत. पानं मांडत होतात. आई आजारी होती त्या आठवड्यात.”

“वाढायलाही मीच?”

“तुम्हीच.”

काका पुढची पायरी उतरले. मग कठड्याला धरून उभे राहिले. “असलं काहीतरी पोरीला पढवून तो आत आला. आणि मी वाढलेलं जेवला?”

व्हरांडा, येरझाऱ्या, आबांच्या बुटांचा आवाज, ओळींचा क्रम, सगळं ताईला लख्ख आठवत होतं. जेवण अजिबात आठवत नव्हतं. त्या रात्री तिने उपाशीपोटी पांघरुणात तोंड खुपसलं होतं, ती पानावर गेलीच नव्हती.

“जेवले,” ती म्हणाली. “दोनदा मागून घेतलं.”

“दोनदा?”

“दोनदा. तुम्ही म्हणालात, आता संपलं. तर म्हणाले, मग तुझ्यातलं दे.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग ते हसले आणि खाली उभ्या वहिनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “ऐकलंस का गं? माझ्यातलं मागून घेतलं म्हणे त्याने!”